‘माझी झडती घे’ म्हटल्यावर जे दिसतं, ते सगळं देवानंच दाखवलेलं असतं का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, प्रार्थना कशी करावी एवढंच विचारताय. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की तेवढंच नाहीये. तुम्ही लिहिलंय की लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी तुमच्या पाळकांनी सांगितलं, देवाला मनाची झडती घेऊ द्या, लपलेलं पाप दाखवायला सांगा. तेव्हापासून रोज रात्री अकराला, घर निजल्यावर, तुम्ही बायबलमधल्या स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं म्हणता आणि डोळे मिटून बसता. पहिला आठवडा काहीच नाही. मन दगड झालंय की काय असं वाटलं. मग एकदम बांध फुटल्यासारखं सगळं यायला लागलं: चौथीत मैत्रिणीच्या कंपासपेटीतून उचललेलं खोडरबर, सासूबाई आजारी असताना मनात येऊन गेलेला एक नको तो विचार, ऑफिसात खोटं सांगून घेतलेली रजा. आता झोप लागत नाही. आणि तुम्ही विचारताय, हे पवित्र आत्मा दाखवतोय की माझंच मन मला खातंय? कबुली कोणापुढे द्यायची? आणि सगळं बाहेर आलं हे कळणार कसं?

म्हणजे पाप सापडत नाही ही तुमची अडचण नाहीच. सापडलेल्या ढिगातलं देवाचं कुठलं आणि घाबरलेल्या मनाचं कुठलं, हे निवडता येत नाहीये. मी सत्तावीस वर्षं पाळक होतो, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटी पुण्यात. या निवडीत मी स्वतः पुष्कळदा चुकलोय, दुसऱ्यांचीही चुकवलीय. तेव्हा जे लिहितोय ते शिकवणं म्हणून कमी आणि ठेच खाल्लेल्याचं बोलणं म्हणून जास्त घ्या.

आधी एक गोष्ट, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ही प्रार्थना सगळ्यांनी सगळ्या वेळी करावी असं मला वाटत नाही.

एक बाई प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या शनिवारी माझ्याकडे यायच्या. दर महिन्याला. कबुली द्यायच्या, आम्ही प्रार्थना करायचो, त्या फाटकापर्यंत जायच्या आणि वळून परत यायच्या. “पाळकसाहेब, एक राहिलं.” मला मनातून कौतुक वाटायचं, केवढा कोवळा विवेक आहे म्हणून. उपदेशात नाव न घेता मी त्यांचा दाखलाही दिला होता. आठ महिन्यांनी त्यांच्या यजमानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रभूची प्रार्थना म्हणते. मध्ये एक शब्द अडखळला की पुन्हा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून सुरुवात. शास्त्राला हात लावायच्या आधी सातदा हात धुते. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. तो आजार आहे आणि त्याला धर्म, स्वच्छता, हिशेब, जे मिळेल ते पांघरूण चालतं. मी आठ महिने त्या आजाराला खतपाणी घालत होतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम एक गोष्ट कबूल न करता झोपायचा सराव दिला. माझ्यासाठीही सूचना आली: फाटकातून परत आल्या तर दार उघडायचं नाही. मला ते फार जड गेलं. पण वर्षाच्या आत त्या बाई शांतपणे प्रभुभोजनाच्या मेजेजवळ येऊ लागल्या.

तेव्हा स्वतःला विचारा. कबुली दिल्यावरचा हलकेपणा अर्धा तास टिकतो आणि तीच गोष्ट परत येते का? ‘हे पाप धरायचं का’ असं चार जणांना विचारून झालंय का? प्रार्थना नीट झाली नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणता का? उत्तर होय असेल, तर ही प्रार्थना आजपासून थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. यात विश्वास कमी पडत नाही. चष्मा लावून शास्त्रपाठ वाचणाऱ्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रणेता मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत बसायचा, आणि आणखी काही राहिलं असेल या धास्तीनं तरी पोखरला जायचा. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ यांनी त्याला आणखी खोल खणायला सांगितलं नाही. स्वतःकडे बघणं सोड आणि वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असं सांगितलं.

दुसरी परिस्थिती थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्या कोणाची तरी असेल. नवरा मारतो, आणि मंडळीतलं कोणीतरी म्हणतं, ‘तुझ्यात काय पाप लपलंय ते देवाला विचार.’ हे साफ चूक. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित घर लागतं. झडती घ्यायचीच तर मारणाऱ्याची घ्यावी.

हे दोन्ही लागू नसेल असं धरून पुढे जातो.

‘झडती’ या शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्या मराठी शास्त्रात ‘हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण’ असं आहे. हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर पोलीस येतो. गाद्या उलटतोय, डबे उपडे करतोय, बायको-पोरं कोपऱ्यात उभी. तुम्ही रात्री अकराला जे करताय ते मला तसं दिसतं. फरक इतकाच, की पोलीसही तुम्हीच आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्याही तुम्हीच. पण मूळ हिब्रू क्रियापद वेगळ्या कामाचंही आहे. शास्त्रातल्याच ईयोबाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात तेच क्रियापद खाणीत उतरलेल्या माणसासाठी आलंय. काळोखात, जमिनीखाली, दगडातून धातू हुडकणारा माणूस. तो घर उलथत नाही. त्याला कशाची तरी किंमत कळलेली असते म्हणून तो खाली उतरतो.

आणखी एक. याच स्तोत्राची पहिली ओळ बघा. तिथे स्तोत्रकर्ता दावीद राजा म्हणतो, परमेश्वरा, तू मला पारखलंच आहेस. मूळ भाषेत तिथेही तेच क्रियापद. म्हणजे जे होऊन गेलंय त्याचीच शेवटी पुन्हा विनंती. देवाला नवीन काही सापडायचं नाहीये. बसणं-उठणं, वाट, झोप, आईच्या पोटातलं हाड न्‌ हाड, हे सगळं त्याला ठाऊक आहे हे अठरा वचनं सांगून झाल्यावर शेवटी दावीद म्हणतो, आता बघ. अनोळखी माणसाला कपाट उघडून दाखवायला सांगितलं तर अंगावर काटा येतो. आईला दाखवायचं असेल तर लाज वाटते, पण काटा येत नाही. म्हणून मी लोकांना सांगतो, शेवटची दोन वचनं एकटी म्हणू नका. पहिल्या अठरा वचनांतून चालत या. तुम्ही थेट परसदारानं शिरताय.

आणि तेविसाव्या वचनाच्या अगदी मागे काय आहे? एकोणीस ते बावीस. उपासनेत आपण ती बहुतेक गाळतो, कारण तिथे दावीद शत्रूंना शिव्या घालतोय. मी त्यांचा पराकाष्ठेचा द्वेष करतो, म्हणतो. आणि लगेच पुढचा श्वास: माझी झडती घे. या सांध्याबद्दल भाष्यकारांची मतं निरनिराळी आहेत, पण मला पाळकीच्या कामातून एकच अर्थ पटलाय. दुसऱ्याबद्दल बोलताना स्वतःचा आवाज चढलेला त्याला ऐकू आला. लपलेलं पाप हुडकायला मन खरवडत बसू नका. दुसऱ्या कोणाबद्दल तुम्ही तावातावानं बोलता, तिथे बघा. दावीदानं उरीयाची बायको बथशेबा घेतली होती आणि उरीयाला मारवलं होतं, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याच्या बाबतीत हेच केलं. बथशेबाचं नाव काढलं नाही, उरीयाचं काढलं नाही. एका गरिबाची एकुलती कोकरी श्रीमंतानं कापली अशी गोष्ट सांगितली. दावीद लालबुंद झाला, चौपट भरपाई घ्या म्हणाला. कोकरीचा न्याय त्याला क्षणात कळला. स्वतःचा कळायला महिने लोटले होते, तोवर मूलही जन्माला आलं होतं. त्या महिन्यांत त्यानं प्रार्थना केलीच नसेल असं मला वाटत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. बोलायला सोपं नाही, पण त्याशिवाय पुढचं नुसता उपदेश होईल.

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत जमीन वाटली. मधला बांध सामाईक. दुसऱ्या वर्षी दादानं नांगरताना बांध कोरला. तीन फूट. मी नोकरीनं लांब, शेत वाट्यानं दिलेलं, त्यामुळे मला कळलं तेव्हा त्या तीन फुटांत त्याची बाजरी उभी होती. भांडण झालं नाही. मी पाळक ना! मी ‘माफ केलं’. फक्त बोलणं बंद झालं, अकरा वर्षं. सातबाऱ्याचा उतारा घडी घालून माझ्या पवित्र शास्त्राच्या कव्हरच्या कप्प्यात असायचा. त्या अकरा वर्षांत मी क्षमेवर किती उपदेश केले याची गणती नाही, आणि दर वेळी तो कागद माझ्या हातातच असायचा. मला ते कधी विचित्र वाटलं नाही.

एकदा नात्यातल्या एका मातीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर कोणीतरी दादाचा विषय काढला आणि मी गोष्ट सुरू केली. नांगर, बांध, बाजरी. शेवटाला आलो तेव्हा आत भांडी घासत असलेली माझी मुलगी माझ्याच सुरात, माझ्याच हेलात म्हणाली, “...आणि मी तरी एक शब्द बोललो नाही!” सगळे हसले. मीही हसलो. पण माफ केलेली गोष्ट पोरीला तोंडपाठ कशी, हे डोक्यातून जाईना.

त्या रात्री मी तुमच्यासारखाच बसलो. देवा, दाखव. काही दिसलं नाही. दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्या नाही. मग चौथ्या का पाचव्या दिवशी देवळाच्या बाकांची दुरुस्ती निघाली म्हणून लाकडाच्या वखारीत गेलो. करवतीवर बाभळीचा ओंडका होता. आतला लालसर गाभा, ओला वास. आणि मला आठवलं. दादानं बांध कोरण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी बांधावरच्या दोन बाभळी एका वखारवाल्याला विकल्या होत्या. ३,२०० रुपयांना. मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती. बांध सामाईक, झाडं सामाईक, आणि दादाला मी विचारलं नव्हतं. नंतर सांगू म्हणालो आणि सांगितलंच नाही. हे मी विसरलो होतो असंही म्हणवत नाही. माझी गोष्ट नेहमी नांगरापासून सुरू व्हायची. कुऱ्हाडीपासून कधीच नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी हेच विचारतो: तुमची तक्रारीची गोष्ट तुम्ही कुठून सुरू करता? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? बहुतेक वेळा माणूस गप्प होतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. देवानं दाखवलेलं आणि मनानं उगाळलेलं यात मला दिसलेले फरक असे. वखारीत मला जे दिसलं त्याला नाव होतं, रक्कम होती, माणूस होता आणि पुढचं पाऊल होतं. ‘तू ढोंगी आहेस’ असं काही ऐकू आलं नाही. ‘दोन बाभळी’ एवढंच. मन जेव्हा खायला उठतं तेव्हा ते धुक्यासारखं असतं. तू वाईटच, तुझं सगळंच खोटं, तुझ्यानं काय होणार. त्यात करण्यासारखं काही नसतं, नुसतं कुढत बसायचं. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सैतानाला ‘दोष देणारा’ म्हटलंय, तोही रात्रंदिवस, हे रात्री अकराच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की देवाला अनुसरून झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. मी ते असं मोजतो: त्या दुःखानंतर मला उठून कुठेतरी जावंसं वाटतं का, की पांघरूण डोक्यावरून ओढावंसं वाटतं?

दुसरा फरक, देव एका वेळी एकच दाखवतो. निदान माझ्या पाहण्यात तसंच आलंय. धरण फुटल्यासारखे चाळीस विषय एका रात्रीत आले, तर त्यातले एकोणचाळीस तरी मी वहीत न लिहिता सोडून देईन. खरं असेल ते परत येईल, दिवसाढवळ्या येईल, आणि बहुधा दुसऱ्या कोणाच्या तोंडून येईल.

आणि तिसरं, जरा गमतीचं. तुमच्या पत्रात खोडरबरावर अख्खा परिच्छेद आहे. सासूबाईंवर चार-पाच ओळी. रजेवर जेमतेम सात शब्द. मला रजेबद्दल विचारावंसं वाटतं. त्या दिवशी तुमचं काम कोणाच्या गळ्यात पडलं? तिला घरी जायला किती वाजले? दुसऱ्या दिवशी ती काही बोलली का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? कदाचित तिथे काही नसेलही. पण आपलं मन चतुर असतं, लहानसं जुनं पाप पुढे करून ताजं मागे सारतं. खोडरबराबद्दल रडणं परवडतं, कारण त्याचा काही खर्च येत नाही.

प्रत्यक्षात कसं बसावं, तर मी सांगतो ते माझं नाही. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात आत्मपरीक्षेचा पाच पायऱ्यांचा क्रम घालून दिला, तो मला वसईकडच्या एका फादरांनी शिकवला. आम्हा प्रॉटेस्टंटांना ते आधी जरा परकं वाटतं, पण त्यातला क्रम फार शहाणा आहे. पहिलं पाप नाहीच. पहिली पायरी आभार. आज काय मिळालं ते मोजायचं. दुसरी, प्रकाश मागायचा, म्हणजे तुमची ती झडतीची विनंती. तिसरी, दिवस तासातासानं आठवायचा. चौथी क्षमा मागायची, पाचवी उद्याचा एक निश्चय. आभार आधी का, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. भरल्या घरात बसून हिशेब करणारा आणि रिकाम्या घरात बसून करणारा, दोघांचा हिशेब वेगळा निघतो.

रात्री अकराला मात्र नको. थकलेलं मन वाईट साक्षीदार असतं. सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं पुरतात, आदल्या दिवसाचा आढावा घ्यायचा. घड्याळ लावा, आणि दहा मिनिटं झाली की उठा, काही दिसो वा न दिसो. डोळे मिटण्यापेक्षा मी दोन ठोस गोष्टी हातात घ्यायला सांगतो: बँकेचं पासबुक आणि फोन. गेल्या महिन्यात पैसा कुठे गेला, आणि कोणाचा फोन वाजत असताना तुम्ही स्क्रीनकडे बघून तसाच वाजू दिलात. आपल्यात काही लपलेलंच नाही असं छातीठोकपणे सांगणारे एक गृहस्थ, मंडळीचे जुने सभासद, त्यांना मी हे करायला लावलं. पंधरा दिवसांनी आले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, आईचे नऊ मिस्ड कॉल.” पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर? तर नाही दिसलं. विनंती केलीत, तुमचं काम झालं. देवाला वेळ लागतो असं नाही, आपल्याला वखारीपर्यंत पोचायला लागतो. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी शारदा सदन काढलं, विधवांसाठी जिवाचं रान केलं. आणि जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणानं लिहून ठेवलंय. आठ वर्षं त्या आळशी होत्या किंवा खोट्या होत्या असं कोण म्हणेल?

इथवरचं पुन्हा एकदा, कारण लांबलंय: आजाराची शंका असेल तर थांबा आणि डॉक्टर. नाही तर स्तोत्र पहिल्या वचनापासून, सकाळी, दहा मिनिटं, आभार आधी, एका वेळी एक गोष्ट. आणि शोध मनाच्या तळाशी कमी, रोजच्या व्यवहारात आणि आपण सांगत असलेल्या गोष्टींत जास्त.

कबुली कोणापुढे, हा तुमचा दुसरा प्रश्न. देवापुढे तर आहेच. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे ना, आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. माणसापुढे द्यायची तर माझा नियम असा की जेवढ्यांना झळ लागली तेवढ्यांपुढेच. सासूबाईंना तो विचार सांगू नका. कृपा करून नका सांगू. तुम्ही मोकळ्या व्हाल आणि तुमचं गाठोडं त्यांच्या उशाशी राहील. तो विचार आला त्या दिवशी त्यांचं औषध वेळेवर दिलंत का, एवढं बघा. दिलं असेल तर तो आला आणि गेला. खोडरबरवाली मैत्रीण व्हॉट्‌सॲपवर सापडली तर हसत हसत सांगा, नाही सापडली तर राहू द्या. रजेच्या दिवशी जिनं तुमचं काम ओढलं तिच्याशी मात्र बोला.

शिवाय एक तिसरं माणूस असावं, ज्याला झळ लागलेली नाही आणि जे गावभर करणार नाही. याकोबानं एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय त्याचा मला हाच उपयोग वाटतो. आपलं पाप मोठ्यानं उच्चारलं की त्याचा खरा आकार कळतो, कधी वाटला त्यापेक्षा मोठा, कधी अगदीच चिमुकला. भर उपासनेत उभं राहून सगळं सांगायचं का? १९०५ साली जूनच्या अखेरीला रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं त्यात मुली रडत, मोठ्यानं पापं कबूल करत. मी ते खोटं मानत नाही. पण त्याआधी सहा महिने तिथे रोज प्रार्थना चालली होती, सत्तर जणींपासून सुरू होऊन साडेपाचशेपर्यंत. ते घर एकमेकींना ओळखत होतं. आज रविवारी सकाळी अर्धे लोक फोन हातात धरून बसतात. तिथे उभं राहून संसारातलं काही बोलाल आणि संध्याकाळपर्यंत ते तुमच्या ऑफिसात पोचेल. मी अशा कबुल्या ओढून काढणारे वक्ते पाहिलेत, मला ते आवडत नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, सगळं बाहेर आलं हे कधी कळणार.

वखारीतून आल्यावर पुढचे दोन आठवडे मी नुसताच चालढकल करत होतो. मग ५,००० रुपये पाकिटात घातले, निम्मी रक्कम अधिक व्याज असा माझा हिशेब, आणि एसटीनं गावी गेलो. दादा ओसरीवर बसला होता. वहिनींनी पाणी आणलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वखार, बाभळी, फी. सातबाऱ्याचा कागदही काढून त्याच्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता तो उठेल, मिठी मारेल, उधळ्या पुत्राच्या गोष्टीसारखं काहीतरी होईल. त्यानं पाकीट उघडलं, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, बंडीच्या खिशात घातल्या. वहिनींना म्हणाला, “च्या टाक.”

चहा अर्धा झाल्यावर बांधाकडे बघत बोलला, “झाडं तीन व्हती.”

मी दोनच म्हणून गेलो होतो. शपथेवर सांगितलं असतं, दोनच. तिसरं झाड मला आजतागायत आठवलेलं नाही. पैसे मात्र पुढच्या महिन्यात नेऊन दिले.